धंदा विकायचा झाला, तर नेमकं काय विकायचं?



धंदा सुरू कसा करायचा यावर आपल्या अंकांत पुष्कळ लिहून आलंय. कर्जाचा प्रस्ताव, पॅकिंग, मोबाईलवरून ऑर्डर, सगळं झालं. पण चालता धंदा दुसरीच्या हातात द्यायची वेळ आली तर काय करायचं? हे मला कॉलेजातही कुणी शिकवलं नाही. एका गटातल्या ताईंनी विचारलं तेव्हा मी सरळ म्हटलं, "ताई, आठ दिवस द्या. शोधून सांगते."

ताईंचा काळ्या मसाल्याचा धंदा. चार वर्षं व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर चाललेला, गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं. यंदा सासूबाईंचा दमा वाढला. घरात मिरची भाजली की त्यांना श्वास घेता येईना. दुसरी जागा नाही. मग गावातला एक दुकानदार म्हणाला, "वीस हजार देतो. कांडप यंत्र, नाव, मोबाईल, सगळं देऊन टाका." ताई हो म्हणणारच होत्या. यंत्र पडून गंजण्यापेक्षा बरं, असं त्यांचं म्हणणं.

मी शोधायला लागले तेव्हा कळलं की इंटरनेटवर चालणारे छोटे धंदे विकण्या-घेण्याचे बाजारच आहेत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २००९ मध्ये सुरू झालेलं फ्लिपा हे त्यातलं जुनं नाव. अमेरिकेतलं अक्वायर डॉट कॉम २०२० मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव मायक्रोअक्वायर होतं. तिथे मुख्यतः वेबसाइट, अ‍ॅप, ऑनलाइन दुकानं विकली जातात. आपला मसाला तिथे मांडायची गरज नाही, मांडून उपयोगही नाही. पण त्यांची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

तिथे विकणारा सुरुवातीला बऱ्याचदा नाव न सांगता धंदा मांडतो. काय विकतो, किती वर्षं झाली, उलाढाल किती, नफा किती, एवढंच. ज्याला रस आहे त्याने आधी लिहून द्यायचं की पाहिलेली माहिती बाहेर सांगणार नाही. मगच सगळा हिशोब त्याच्यापुढे उघडतात. भाव ठरला की घेणारा तो हिशोब खरा आहे का हे तपासतो. पैसे बहुतेकदा थेट हातात जात नाहीत, मधल्या तिसऱ्या पार्टीकडे जमा राहतात. सगळं ताब्यात मिळालं असं घेणाऱ्याने सांगितलं की ते विकणाऱ्याला सुटतात. त्यानंतरही विकणारा काही आठवडे शिकवायला सोबत राहतो.

भाव कसा काढतात हे नीट बघा. वर्षभरात सगळा खर्च जाऊन मालकाच्या हातात काय उरलं, हे धरतात. त्यात मालकाची स्वतःची मेहनतही आली. मग त्या रकमेच्या काही पट किंमत सांगतात. धंदा मालकाशिवाय जितका चालू शकतो, तितकी पट जास्त.

ताईंचा हिशोब आम्ही ओसरीवर बसून काढला. महिन्याची विक्री सरासरी ४०,०००. मिरची-मसाल्याचा माल २२,०००, पिशव्या आणि कुरिअर ७,०००, वीज १,५००, मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी ३,०००. उरले ६,५००, म्हणजे वर्षाला ७८,०००. आणि दुकानदार यंत्रासकट वीस हजार देत होता! नुसतं यंत्रच जुन्या भावात २५,००० ला गेलं असतं.

पण इथे एक खोट निघाली. वही सातच महिन्यांची होती. बाकी पाच महिन्यांसाठी फोनमधल्या पैसे जमा झाल्याच्या नोंदी एकेक करून लिहून काढल्या. त्यात माहेरून आलेले पैसे, भिशीचे पैसे, सगळं मिसळलेलं. दोन दिवस गेले. म्हणून सांगते, धंद्याचं खातं वेगळं ठेवा. विकायचं मनात नसलं तरी.

दुसरा प्रश्न, विकता काय येतं? यंत्र, शिल्लक माल, मसाल्याचं प्रमाण, धंद्याचं नाव, हे देता येतं. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं असेल तर ते लेखी करार करून दुसरीच्या नावावर करता येतं. वेबसाइटचा पत्ताही देता येतो. पण खाद्यपदार्थाची एफएसएसएआय नोंदणी आपल्या नावावर आहे, ती धंद्याबरोबर विकायची वस्तू नाही. घेणारीने स्वतःची काढायची, आणि ती हातात येईपर्यंत नव्या पाकिटावर जुना नंबर छापायचा नाही. जीएसटीचंही तसंच, ते आपल्या पॅनला जोडलेलं असतं. पैसे घ्यायचा क्यूआर आपल्या बँक खात्याचा आहे, तो त्याच दिवशी काढून घ्यायचा. इन्स्टाग्रामच्या नियमात तर खातं विकायला-विकत घ्यायला चक्क मनाई आहे. म्हणून तिथले फॉलोअर धरून किंमत लावू नका. नव्या खात्याची ओळख जुन्या खात्यावरून करून द्या.

मोबाईल नंबरचं मात्र कान उघडून ऐका. ताईंचा धंद्याचा नंबर तोच बँकेला जोडलेला, तोच आधारला. ते सिम दुकानदाराला दिलं असतं तर ताईंच्या खात्याचे ओटीपी त्याच्या हातात गेले असते. आपल्या नावावरच्या सिमवरून कुणी काही भानगड केली तर पोलीस आपल्या दारात येणार. सिम द्यायचं नाही. गिऱ्हाइकांना आपणच निरोप पाठवायचा की यापुढे मसाला या ताई करणार आहेत, हा त्यांचा नंबर, तुमचा नंबर त्यांना दिला तर चालेल का? लोकांची माहिती विचारल्याशिवाय पुढे देऊ नये, त्यासाठी आता २०२३ चा कायदाही आहे. ताईंनी तसं विचारलं आणि बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं.

आणखी एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. इन्स्टाग्रामचा पासवर्ड ताईंना माहीतच नव्हता. खातं भाच्याने उघडलेलं, तो नोकरीला गुजरातला. तीन दिवस त्याचा फोन लागेना. आपल्या धंद्याचे पासवर्ड आजच आपल्याकडे लिहून घ्या.

शेवटी शेजारच्या गावातल्या गटातली एक ताई तयार झाली. ७०,००० ला ठरलं. यंत्राचे २५,०००, मालाचे ५,०००, आणि नाव, प्रमाण, गिऱ्हाईक याचे ४०,०००. म्हणजे वर्षाच्या कमाईच्या जेमतेम निम्मे. मला विचाराल तर थोडे कमीच. पण चव ताईंच्या हातात होती, कागदावर नव्हती. घेणारी तेवढा धोका धरणारच. यंत्राचे आणि मालाचे ३०,००० लगेच मिळाले. बाकीचे ४०,००० ग्रामसंघाच्या बैठकीत दोघींच्या संमतीने ठराव घेऊन, वेगळी नोंद करून ग्रामसंघाच्या खात्यावर ठेवले. सहा आठवडे शिकवायचं, दोन घाण जुन्या गिऱ्हाइकांना पसंत पडले की पैसे सोडायचे, असं स्टॅम्प पेपरवर लिहिलं. ताईंवर गटाच्या कर्जाचे ९,००० बाकी होते. तेही आधीच सांगून, त्यातून फेडायचं ठरलं.

जिथे धंदा अख्ख्या गटाचा आहे तिथे एकटीने सही करून काहीच विकता येत नाही, हे लक्षात असू द्या. सगळ्यांचा ठराव लागतो, आणि कुणाला किती वाटा हे भाव ठरायच्या आधी लिहा. नंतर लिहायला बसलात तर भांडणं होतात.

आणि घेणारा फोनवरून "पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पहिल्या घाणात नव्या ताईंचं दगडफूल करपलं. दुसऱ्यात मीठ कमी. तिसरा मुंबईला गेला, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाने निरोप पाठवला, "ताई, सासूबाई बऱ्या आहेत ना? मसाला तोच आहे." चौथाही पसंत पडला. ग्रामसंघाने पुढच्या सोमवारी पैसे सोडले.

पुढच्या महिन्याच्या प्रभागसंघाच्या बैठकीत मी दोन तास यासाठी मागून घेतलेत. ज्यांचा धंदा मोबाईलवर चालतो त्यांनी वही घेऊन या. कोरी असली तरी घेऊन या.