शेवटून पहिला येणाऱ्याला सांभाळा

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगच्या एकाच वर्गातले बारा मित्र. आता कोणी पुण्यात, कोणी नाशकात, एक न्यू जर्सीत. सगळ्यांकडे प्लेस्टेशन आणि ‘ग्रान टुरिझ्मो ७’ आहे. दर रविवारी रात्री ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावतात तसल्या प्रोटोटाइप गाड्यांची सहा शर्यतींची मालिका भरवायचं मनात आहे. मागच्या वर्षी साध्या गाड्यांची अशीच मालिका सुरू केली होती. पहिल्या रविवारी बारा जण हजर, तिसऱ्या रविवारी पाच, चौथी शर्यत झालीच नाही. वर ‘तू मला ठोकलंस’, ‘मी शिवलोसुद्धा नाही’ यावरून पुण्याचा आणि न्यू जर्सीचा असे दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. यंदा वेगळं काय करावं? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी भांडण मिटवू, कारण तुमचे दोन्ही मित्र खरं बोलत असण्याची दाट शक्यता आहे.

पुण्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाट सुतासारखी सरळ असती तरी एका बाजूने निरोप पोचायला सेकंदाचा सोळावा भाग लागलाच असता. प्रत्यक्षात केबल समुद्राखालून वळसे घेत जाते, मध्ये ठिकठिकाणी यंत्रं निरोप घेतात आणि पुढे ढकलतात, त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग तरी धराच. एरवी एवढ्याशा वेळाचं काय मोठंसं? पण ताशी 300 किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात आठ मीटरच्या पुढे जाते. प्रोटोटाइपची लांबी असते सुमारे पावणेपाच मीटर. थोडक्यात, न्यू जर्सीच्या मित्राच्या गाडीचा निरोप पुण्यात पोचतो तोवर ती प्रत्यक्षात पावणेदोन गाड्यांएवढी पुढे गेलेली असते.

मग खेळ काय करतो, तर अंदाज बांधतो. शेवटचा निरोप आला तेव्हा गाडी कुठे होती, किती वेगात होती, तोंड कुठे होतं, यावरून ‘आत्ता ती इथे असेल’ असं ठरवून ती तिथे काढतो. सरळ रस्त्यावर हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. चुकतो तो पुढच्याने ब्रेक दाबल्यावर. त्याने ब्रेक दाबल्याचा निरोप येईपर्यंत तुमच्या पडद्यावर तो जोरातच चाललेला असतो आणि निरोप आला की त्याची गाडी एकदम तुमच्या नाकासमोर येते. एकाच्या पडद्यावर धडक होते, दुसऱ्याच्या पडद्यावर दोन गाड्यांमध्ये हातभर जागा असते. तुमच्या दोघांचं वाजलं तेही एखाद्या वळणाच्या तोंडाशीच असणार, असा माझा तर्क आहे.

यावर उपाय दोन. ज्याचं इंटरनेट लांबून येतंय त्याच्या मागे असाल, तर ब्रेकच्या जागी एका गाडीचं अंतर सोडायचं. हा नियम आधीच लिहून ठेवा. आणि तक्रारीचा निकाल त्याच रात्री द्यायचा नाही. दोघांनीही आपापला रिप्ले जपून ठेवावा, दुसऱ्या दिवशी त्या शर्यतीत न अडकलेल्या तिघांनी दोन्ही बाजू बघाव्यात आणि निर्णय दोन ओळींत कळवावा. रात्री अकरा वाजता, हरलेल्या माणसाच्या तोंडून ग्रुपवर आलेला व्हॉइस मेसेज हा पुरावा धरू नये. वायफायऐवजी राउटरपासून केबल ओढली तरी निम्म्या कटकटी मिटतात. पण आपल्याकडे हॉलमधून केबल नेणं म्हणजे घरच्यांशी वेगळीच लढाई, हेही मला ठाऊक आहे.

तंत्रामुळे शर्यत नासते तेव्हा मोठ्यांचीही सुटका नसते. 2020च्या जूनमधली ल मांची खरी शर्यत कोविडमुळे पुढे ढकलली गेली, तेव्हा त्या तारखांना ‘आरफॅक्टर २’ या खेळावर चोवीस तासांची आभासी शर्यत झाली. पन्नास गाड्या, फॉर्म्युला वनचे नावाजलेले चालक, जगभर प्रक्षेपण, आणि सर्व्हरच्या अडचणींपायी ती दोनदा लाल झेंडा दाखवून थांबवावी लागली. 2023च्या जानेवारीतल्या आभासी शर्यतीत फॉर्म्युला वनचा चालक मॅक्स व्हर्स्टापेन याचा संघ आघाडीवर असताना त्यांची गाडी खेळाबाहेर फेकली गेली आणि त्याने आपला राग चारचौघांत बोलून दाखवला. तेव्हा कोणाचं नेट गेलं, कोणाकडची लाइट गेली, तर काय करायचं हे शर्यतीआधीच ठरलेलं असावं. माझ्या मते पहिल्या दोन लॅपमध्ये कोणी बाहेर फेकला गेला तर शर्यत पुन्हा सुरू करावी. त्यानंतर गेला तर नशीब म्हणावं आणि पुढे चालावं.

आता मुख्य दुखणं. बाराचे पाच का झाले?

माझा अंदाज असा की पहिल्या रविवारी दोघं-तिघं फारच पुढे गेले, मागचे सहा जण अर्धा तास एकटेच गाडी चालवत राहिले आणि त्यांना शून्य किंवा एखादा गुण मिळाला. अशा माणसाला तिसऱ्या रविवारी पाहुणे येतात, चौथ्या रविवारी अंग दुखतं. मालिका पुढच्यांच्या वेगावर चालत नाही. नववा, दहावा आणि शेवटून पहिला येणारा माणूस पुढच्या आठवड्यात परत येतो की नाही, यावर ती चालते.

प्रोटोटाइपच्या खऱ्या इतिहासातही हेच घडलंय. 1982मध्ये ग्रुप सी नावाचे नियम आले. एंजिन कोणतंही आणा, टर्बो आणा, मोठं आणा, छोटं आणा. फक्त गाडी 800 किलोपेक्षा हलकी नको, टाकी 100 लिटरपेक्षा मोठी नको आणि 1000 किलोमीटरच्या शर्यतीला साधारण 600 लिटर इंधनात भागवायचं. सगळा खेळ इंधनाच्या हिशेबावर आला. पोर्शेने आपल्या 956 आणि पुढे 962 या गाड्या खासगी संघांना विकल्या, म्हणून मैदान भरलं. मग 1991च्या सुमारास नियम बदलले. फॉर्म्युला वनसारखी साडेतीन लिटरची एंजिनं आली, गाड्या अफाट वेगवान झाल्या आणि अफाट महागही. खासगी संघ गळाले. 1992मध्ये मैदानात गाड्या जमवताना आयोजकांच्या नाकी नऊ आले आणि 1993ची जागतिक मालिका भरण्याआधीच रद्द झाली. इतक्या वेगवान गाड्या होत्या, पण धावायला कोणी उरलं नव्हतं!

म्हणून माझा सल्ला असा की सगळ्यांनी एकच गाडी घ्यावी, आणि ती ‘ग्रान टुरिझ्मो’तली पोर्शे 962 सी असावी. खेळातल्या जीआर.१ वर्गात ग्रुप सीच्या गाड्या आणि अलीकडच्या हायब्रिड गाड्या एकत्र टाकल्या आहेत. खेळ त्यांची ताकद जुळवून देतो हे खरं, पण स्वभाव जुळवता येत नाही. हायब्रिड गाडी वळणातून सुटते आणि जुनी गाडी टर्बोच्या दमाची वाट बघत बसते. मग दर आठवड्याला ‘तुझी गाडी बरी आहे’ हे रडगाणं सुरू होतं. ज्यांना माझदा 787बीचा तो रोटरी एंजिनाचा आवाज सोडवत नाही, त्यांच्यासाठी शेवटची शर्यत खुली ठेवा. (1991च्या ल मांमध्ये माझदा जिंकली, तेव्हाही तिला 830 किलोची सवलत होती आणि कित्येक प्रतिस्पर्धी 1000 किलोंच्या गाड्या ओढत होते. समतोलाची तक्रार ही तेव्हापासूनची.) एक मात्र करा, गाडीचं नाव महिनाभर आधी जाहीर करा. अशा जुन्या गाड्या खेळातल्या लेजंड दालनात मिळतात, तिथला माल बदलत राहतो आणि क्रेडिट साठवायलाही वेळ लागतो.

नंतर इंधन. लॉबीच्या सेटिंगमध्ये इंधन किती पटीने संपावं हे ठरवता येतं, आणि बरेच जण ते नगण्य ठेवतात. तिथेच चुकतं. दोघा-तिघांना सरावाला बसवा आणि असा आकडा शोधा की चाळीस मिनिटांच्या शर्यतीत पूर्ण जोर लावणाऱ्याला दोनदा पिटमध्ये यावं लागेल, आणि जपून चालवणाऱ्याचं एकदाच भागेल. इंधन भरण्याचा वेगही थोडा कमी ठेवा. आता जो मुळात हळू आहे, त्याच्या हातात एक डाव आला. त्याने फ्युएल मॅप 1वरून 4वर न्यायचा, गिअर लवकर बदलायचा, सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या जरा आधी पाय उचलून गाडी वाहू द्यायची, आणि पुढच्याच्या मागे चिकटून त्याच्या गाडीने कापलेल्या हवेचा फायदा घ्यायचा. एका लॅपला तो सेकंद-दीड सेकंद गमावेल. पण तो वाचवलेला एक थांबा त्याला तीस-बत्तीसाव्या मिनिटाला अचानक तिसऱ्या क्रमांकावर आणून सोडेल, आणि मागून दोन ताज्या टायरच्या गाड्या त्याला गाठायला येत असतील. शेवटची ती आठ मिनिटं ज्याने अनुभवली, तो पुढच्या रविवारी पाहुण्यांनाच लवकर जेवायला वाढेल.

ट्रॅक निवडताना सगळ्यांचा जीव ल मांवर असतो. सुरुवातीला तिथे जाऊ नका. एक फेरी 13.626 किलोमीटरची, बारा गाड्या तिथे सोडल्या की तिसऱ्या लॅपनंतर प्रत्येक जण एकटाच. फुजी साडेचार किलोमीटर, इंटरलागोस त्याहून लहान, मोंझा पावणेसहाच्या आसपास. अशा ठिकाणी मागचाही नजरेच्या टप्प्यात राहतो आणि पुढच्यांना त्याला लॅप देताना वाट काढावी लागते, म्हणजे तोही शर्यतीचा भाग होतो. स्पा सात किलोमीटरचं, ते मालिकेच्या मध्यावर घ्या. ल मां शेवटी, आणि ते शिकेनविनाच. 1990मध्ये तिथल्या जवळपास सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यात दोन वळसे, म्हणजे शिकेन, घातले गेले. त्याआधी, 1988मध्ये, डब्ल्यूएम संघाच्या प्यूजो एंजिनाच्या गाडीने तिथे ताशी 405 किलोमीटरची नोंद केली होती. तो जुना रस्ता खेळात आहे. निरोपाच्या दिवशी वापरा.

गुण देताना फॉर्म्युला वनचे 25-18-15 उचलू नका. पहिल्याला 20, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 17 आणि पुढे एकेक कमी, शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही. सहापैकी सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून वगळा, म्हणजे एखाद्याच्या घरचं लग्न किंवा गणपती आड आला तरी तो स्पर्धेत राहतो. याचा एक धोकाही आहे. 1988मध्ये फॉर्म्युला वनमध्ये सर्वोत्तम अकरा शर्यतीच धरत, आणि एकूण गुण जास्त असूनही प्रॉस्ट या चालकाचं विजेतेपद प्रतिस्पर्धी सेनाकडे गेलं. तेव्हा हा नियम पहिल्या शर्यतीआधी सांगा. नंतर सांगाल तर आणखी दोघं बोलायचे थांबतील.

वेळ रविवारी रात्री साडेनऊ ठेवा. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे बारा असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग तिथे अकरा. त्या आठवड्यात त्याला आदल्या दिवशी आठवण करा.

प्रश्न : माझा मुलगा रात्री ऑनलाइन शर्यत खेळतो. जेवायला हाक मारली की म्हणतो, “आई, हे थांबवता येत नाही.” टीव्हीवरची मालिकासुद्धा थांबवता येते, मग हेच का नाही? – एक आई, नाशिक

उत्तर : चिरंजीव बहाणा करत नाहीयेत. एकट्याने खेळताना गाडी, रस्ता आणि घड्याळ सगळं त्याच्याच यंत्रात असतं, म्हणून बटण दाबलं की सगळं थांबतं. ऑनलाइन शर्यतीत घड्याळ सगळ्यांचं मिळून एक असतं. त्याने थांबवायचं म्हटलं तर बाकीच्या सगळ्या घरांतली शर्यतही थांबवावी लागेल, आणि त्यातल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी जेवायला बोलावत असणारच.

खऱ्या ल मांमध्ये यावर सोय आहे. एका गाडीला तीन चालक असतात, एक चालवतो तेव्हा बाकीचे खातात, झोपतात. 2012मध्ये आपला चालक करुण चांढोक तिथे धावला, तोही डेव्हिड ब्रॅबम आणि पीटर डम्ब्रेक यांच्याबरोबर पाळ्या लावून, आणि त्यांची गाडी सहावी आली. तुमच्याकडे दुसरा चालक नसेल, तर त्याला विचारा, “शर्यत किती मिनिटांची?” आणि पोळ्या त्या हिशेबाने करा. चाळीस मिनिटं म्हणाला आणि पाऊण तासाने उठला नाही, तर मग तुम्ही काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको.