मोठ्या रंगीत फोटोची ऑर्डर घेण्यापूर्वी

भिंतभर रंगीत फोटो करून द्या, असे म्हणत ग्राहक आला की स्टुडिओवाले चटकन होकार देतात. आम्ही म्हणतो, आधी हिशेब करा.

पहिला हिशेब बारकाव्याचा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या फोटोत साधारण ६००० × ४००० पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके असतात. ३० × २० इंची प्रिंटमध्ये इंचाला २०० ठिपके मिळतात; ६० × ४० इंचीत फक्त १००. पण एवढा फोटो कोणी नाकाजवळ धरून पाहत नाही. तीन-चार फुटांवरून इंचाला १०० ठिपके साधारणपणे पुरतात. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात १९५० ते १९९० या काळात कोडॅकची ६० फूट रुंद आणि १८ फूट उंच रंगीत चित्रे झळकत. तीही दुरूनच पाहायची. म्हणून फोटो कुठे लावणार आणि किती अंतरावरून पाहणार, हे आधी विचारावे.

दुसरा हिशेब कागदाचा. लांबी-रुंदी दुप्पट झाली की कागद चौपट लागतो. दर मात्र दुप्पटच सांगितला तर तोटा ठरलेला.

तिसरी बाब चाचणीची. चेहरा, पांढरे कपडे आणि गडद सावली येईल असा लहान तुकडा त्याच कागदावर, अंतिम आकाराच्याच प्रमाणात छापावा. ट्यूबलाइट आणि पिवळ्या दिव्यात रंग वेगळे दिसतात. म्हणून फोटो लागणार तिथल्याच उजेडात तो ग्राहकाला दाखवावा आणि पसंतीची सही घ्यावी.

मूळ फोटोच हललेला असेल, तर मोठा केल्यावर दोष अधिक उठून दिसतो. तसे स्पष्ट सांगावे. एखादी ऑर्डर जाईल, पण ग्राहक टिकेल.