उन्हाचा उद्योग

प्रस्तावना

जयपूर शहराच्या मध्यभागी सवाई जयसिंहाने उभारलेली जंतरमंतर ही वेधशाळा आहे. तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली दगडी चापावरून सरकत जाते आणि तिच्यावरून वेळ मोजली जाते. त्याच शहराच्या दक्षिणेस, टोंक रस्त्यावर, सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील प्रदर्शन व संमेलन केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थान शासनाने गुंतवणूकदारांची मोठी परिषद भरवली. सुमारे ३५ लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार झाल्याचे जाहीर झाले. त्यांत सर्वांत मोठा वाटा ऊर्जाक्षेत्राचा होता. ज्या उन्हाने एकेकाळी वेळ मोजली, त्याच उन्हाची आता वीज म्हणून मोजदाद होत आहे.

पण करार म्हणजे उद्योग नव्हे. ऊन फुकट मिळते. त्याची वीज करण्यासाठी यंत्रे, ज्ञान आणि शिकलेले हात लागतात. ते कोठून येतात, आणि या उद्योगाचे फळ त्या भूमीतील माणसांना मिळते का, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –

• सौरऊर्जेच्या उद्योगातील टप्पे सांगता येतील;
• स्थानिक संशोधनाची गरज स्पष्ट करता येईल;
• या उद्योगाचे लाभ आणि त्याची किंमत यांची तुलना करता येईल.

मूळ पाठ

१. गारगोटीपासून विजेपर्यंत

प्रकाशापासून वीज निर्माण होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकरेल याने १८३९ साली दाखवून दिले. मात्र सिलिकॉनचा उपयुक्त सौरघट तयार व्हायला १९५४ साल उजाडले. तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्यावर पडणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेले आहे. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ साली सौरघट तयार केला. जयपूरमध्ये १९८१ साली राजस्थान इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंट्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. गावोगावच्या दूधसंस्थांसाठी दूध तपासण्याची यंत्रे आणि सौर पॅनेल अशी दोन्ही उत्पादने तिने केली.

या उद्योगाची साखळी लांब आहे. गारगोटीपासून सिलिकॉन मिळवायचे, ते अतिशुद्ध करायचे, त्याची कांडी ओतायची, कांडीचे कागदासारखे पातळ काप करायचे, कापांपासून सौरघट बनवायचे, घट जोडून, काचेखाली बसवून पॅनेल तयार करायचे आणि शेवटी ते छतावर किंवा माळावर उभारायचे. साखळीच्या शेवटच्या कड्या कमी भांडवलात जमतात. पहिल्या कड्यांना मोठे भांडवल, अखंड वीज आणि सखोल ज्ञान लागते. आपली कसोटी तेथेच लागते.

२. बाजारपेठ वाढली, कारखाने मागे राहिले

जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्या वर्षीच्या लिलावांत सौर विजेचा दर प्रतियुनिट १२ रुपयांच्या आसपास होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला सौर उद्यानाच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. थरच्या वाळवंटात वसलेल्या या उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॅट आहे. जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या सौरक्षमतेने १ लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला.

दर एवढा खाली कसा आला? मुख्य कारण म्हणजे पॅनेल स्वस्त झाले. आणि ते बहुतांशी चीनमधून येत होते. म्हणजे ऊन आपले, जमीन आपली, ग्राहकही आपले. पण कारखान्यातील रोजगार मात्र परदेशात निर्माण होत होता. ही स्थिती पालटण्यासाठी २०२१ मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली आणि एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलवर ४० टक्के आयातशुल्क लागू झाले. देशात पॅनेलचे कारखाने झपाट्याने वाढले. तथापि अतिशुद्ध सिलिकॉन आणि त्याचे काप यांसाठी आपले परावलंबन पुष्कळ अंशी कायम आहे.

३. परके ज्ञान पुरत नाही

पॅनेलची क्षमता प्रयोगशाळेत २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजतात. राजस्थानातील वैशाखाच्या दुपारी पॅनेलचे स्वतःचे तापमान ६५ अंशांपर्यंत सहज जाते. तापमान एक अंशाने वाढले की सिलिकॉन पॅनेलची वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. हिशेब सोपा आहे : ४० अंशांची वाढ म्हणजे १६ टक्क्यांची घट. कडक ऊन असूनही १०० वॅटचे पॅनेल ८४ वॅटच देणार. त्यात धुळीचा थर बसला, तर उत्पादन आणखी घटते.

म्हणूनच आपल्या हवामानाचा अभ्यास आपणच करावा लागतो. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत २०१० साली प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. या केंद्राने देशाच्या निरनिराळ्या हवामानांत बसवलेल्या पॅनेलची पाहणी केली. उष्ण प्रदेशांत पॅनेल अधिक वेगाने क्षीण होतात, असे तिच्यात आढळले.

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने दुसरा प्रश्न हाती घेतला : सौर प्रकल्प उभा राहिला की शेत गेलेच पाहिजे का? तिने १०५ किलोवॅटचा असा प्रकल्प उभारला, की ज्यात पॅनेलच्या रांगांमध्ये मूग, मटकी यांसारखी पिके घेता येतात. पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवून तेच पॅनेल धुण्यासाठी व पिकासाठी वापरता येते. दुष्काळी प्रदेशात अशा संशोधनाचे मोल मोठे आहे.

४. शिकलेले हात

अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ साली बंकर रॉय यांनी सुरू केलेली संस्था ‘बेअरफूट कॉलेज’ या नावाने ओळखली जाते. अक्षरओळख नसलेल्या किंवा अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया तेथे सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकल्या. आफ्रिकेतील अनेक देशांच्या स्त्रियाही येथे सहा-सहा महिने राहून शिकल्या. भाषा एक नव्हती. रंग, खुणा आणि प्रत्यक्ष कृती हेच शिक्षणाचे माध्यम झाले.

डुंगरपूर या आदिवासी जिल्ह्यात याच्या पुढचे पाऊल पडले. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या प्रकल्पात तेथील बचतगटांच्या स्त्रियांनी विद्यार्थ्यांसाठी सौरदिवे जोडले व विकले. त्या अनुभवातून त्यांच्या महासंघांच्या मालकीची ‘दुर्गा’ ही सौर पॅनेल बनवणारी कंपनी उभी राहिली. मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या या भागातील स्त्रिया कारखान्याच्या भागधारक झाल्या. संशोधनसंस्थेचे ज्ञान आणि गावाचे श्रम एकत्र आले की काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

५. दुसरी बाजू

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कागदोपत्री ‘पडीक’ ठरलेली जमीन पशुपालकांचे चराऊ रान असते. पश्चिम राजस्थानात देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ नावाची राने आहेत. ती वाचवण्यासाठी गावकऱ्यांनी आंदोलने केली आहेत. माळढोक हा दुर्मीळ पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये त्या आदेशात बदल करून न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. शिवाय प्रकल्प उभारताना पुष्कळांना काम मिळते. तो पूर्ण झाल्यावर मात्र राखण आणि सफाई यांपलीकडे स्थानिकांना फारसे काही उरत नाही. प्रशिक्षण आणि कारखाने जवळ असतील, तरच हे चित्र बदलते.

६. आपल्या दारात

महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला या हेतूचे मोल सांगावे लागत नाही. २०१५ पासून केंद्र शासनाच्या ‘सूर्यमित्र’ कार्यक्रमात तरुणांना पॅनेल बसवण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. शाळा सुटलेल्या, पण शिकण्याची इच्छा न सुटलेल्या माणसासाठी या क्षेत्रात जागा आहे.

शब्दार्थ

सामंजस्य करार – परस्पर सहकार्याची प्राथमिक लेखी संमती
सौरघट – प्रकाशाची वीज करणारा सर्वांत लहान घटक
परावलंबन – दुसऱ्यावर अवलंबून राहणे
शुष्क – कोरडे, कमी पावसाचे
क्षीण – दुर्बल, कमी क्षमतेचे

आपण काय शिकलो?

• स्वस्त पॅनेलमुळे सौर विजेची बाजारपेठ वाढली. परंतु उत्पादनसाखळीच्या पहिल्या कड्या आपल्याकडे अजून दुबळ्या आहेत.
• उष्णता, धूळ आणि पाण्याची टंचाई यांमुळे स्थानिक संशोधन आवश्यक ठरते.
• जमीन, पशुपक्षी आणि स्थानिक रोजगार यांचा विचार केला, तरच उद्योग न्याय्य ठरतो.

स्वाध्याय

१. ‘करार म्हणजे उद्योग नव्हे’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. पॅनेलचे तापमान ५५ अंश असताना १०० वॅटचे पॅनेल सुमारे किती वॅट वीज देईल?
३. तिलोनिया आणि डुंगरपूर येथील प्रयत्नांतील साम्य व भेद लिहा.
४. तुमच्या गावाजवळ सौर प्रकल्प येणार आहे, अशी कल्पना करा. ग्रामसभेत तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल? कारणांसह लिहा.