वाघ शिकायचे, तर संख्याशास्त्र कशाला?

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिला लहानपणापासून प्राण्यांची ओढ आहे आणि पुढे वन्यजीव संवर्धनच शिकायचं, असं तिनं ठरवून टाकलं आहे. आम्ही एका एम.एस्सी.चा अभ्यासक्रम पाहिला, तर त्यात संख्याशास्त्र, नकाशे, समाजशास्त्र असलंच बरंच निघालं. वाघ-बिबट्यांचं त्या मानानं थोडंच. प्राणी वाचवायचे, तर हे सगळं कशाला? आणि बारावीनंतर तिनं नेमकं काय घ्यावं?
— एक पालक, सातारा

उत्तर : तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे, आणि तो पुष्कळ घरांत होतो. आपल्याला वाटतं, या अभ्यासक्रमात प्राण्यांची माहिती शिकवत असतील. ती शिकवतातच. पण एखादं जनावर काय खातं आणि किती पिल्लं घालतं, एवढं कळल्यानं ते वाचत नाही. एखाद्या जंगलात ती जनावरं आहेत किती, वाढताहेत की घटताहेत, आणि घटत असतील तर कशामुळे, हे आधी कळावं लागतं. तुम्हाला खटकलेले विषय तिथूनच आले आहेत.

मोजण्याचंच घ्या. जंगलात शिरून वाघ एकेक करून मोजतात, हा मोठा गैरसमज आहे. वाघ रात्री फिरतो, माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो. त्यामुळे सगळे वाघ कुणालाच कधी दिसत नाहीत. पूर्वी यावर उपाय म्हणून पावलांचे ठसे घेत. ठशावरून वाघ ओळखायचा आणि वेगवेगळे ठसे मोजायचे. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात एक दिसतो आणि धुळीत दुसरा, म्हणून या आकड्यांबद्दल अभ्यासकांना शंका होती. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात कागदावर वाघ होते, पण जंगलात एकही उरला नव्हता, हे 2005 साली उघड झालं. त्यानंतर देशभराची पद्धतच बदलली. आधी देशात 3,600 हून जास्त वाघ असल्याचं मानलं जात होतं. नव्या पद्धतीनं 2006 साली अंदाज आला 1,411 वाघांचा.

नव्या पद्धतीचं मर्म गावच्या तलावावरून कळेल. तलावातून 40 मासे पकडले, प्रत्येकाच्या परावर बारीक खूण केली आणि सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकलं, तर 50 मासे आले आणि त्यांतले 10 खुणेचे निघाले. म्हणजे तलावातले साधारण एक पंचमांश मासे खुणेचे आहेत. खुणेचे मासे 40, तर एकूण मासे झाले सुमारे 200. सगळे मासे न पकडताच आकडा हाती आला.

वाघाच्या बाबतीत खूण करायची गरजच पडत नाही, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. जंगलवाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. दोन अशासाठी, की एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू टिपली, तर तोच वाघ दोनदा मोजला जाण्याची भीती असते. मग कोणता वाघ किती वेळा आणि कुठे कुठे टिपला गेला, याचा हिशोब मांडून न दिसलेल्यांचा अंदाज काढतात. खरं डोकं इथे लागतं, कारण काही वाघ त्या वाटेनं फिरकतच नाहीत आणि काही फक्त कडेकडेनं येऊन जातात. हे गणित कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वाघांना पहिल्यांदा लावलं ते वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी, 1990 च्या दशकात. त्यांची पहिली पदवी यंत्र अभियांत्रिकीची होती.

आता समाजशास्त्राकडे वळू. त्याची गरज आपल्या महाराष्ट्राइतकी क्वचितच कुठे पटेल. जुन्नर भागात 2001 नंतर उसातले बिबटे मोठ्या संख्येनं पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले. हेतू चांगलाच होता. बिबट्या म्हणजे जंगलातलं जनावर, वाट चुकून शेतात आलेलं, तेव्हा त्याला घरी पोचवायचं, असा तो विचार. पुढे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा उलटंच निघालं. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी 4 होते, ते या धरपकडीच्या काळात 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर जास्त धोकादायक ठरलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि सोडलेला बिबट्या तिथे राहतोच असंही नाही. गळ्यात जीपीएस पट्टा घालून 2009 साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

मग हे बिबटे उसात खातात काय? हे शोधायचं काम तुमच्या मुलीला एक दिवस करावं लागेल, म्हणून जरा जवळून सांगतो. पायवाटांवर पडलेली विष्ठा गोळा करायची, जागा आणि तारीख लिहून वाळवायची. प्रयोगशाळेत ती चाळणीवर पाण्यानं धुवायची. वर उरतात केस, हाडांचे तुकडे, नखं. त्या केसांची आतली-बाहेरची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, कुत्रा, शेळी, ससा यांच्या ओळखीच्या केसांशी ताडून पाहायची. काम वासाचं, चिकाटीचं आणि दिवसेंदिवस चालणारं. अकोले तालुक्यात असंच काम झालं, तेव्हा बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं 87 टक्के पाळीव जनावरं निघाली. त्यांत सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, 39 टक्के. याच तालुक्यातल्या शेतशिवारात कॅमेरे लावले, तर दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले, आणि तरसंही जवळपास तेवढीच.

म्हणजे हे जनावर वाट चुकलेलं नाही. ते तिथलंच रहिवासी आहे, माणसाच्या दाराशी. अशा ठिकाणी बिबट्याचं काय होणार, हे शेळ्या रात्री कुठे बांधतात, भरपाई वेळेवर मिळते का, रात्रीची वीज आली म्हणून पाणी द्यायला उसात जाणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटतं, यांवर ठरतं. त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नीट प्रश्न विचारता येणं हे शिकावं लागतं. माझ्या मते अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड भाग हाच आहे. सह्याद्रीत जागोजागी वाघोबाची, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाची, ठाणी आहेत, आदिवासी पाड्यांत वाघबारस पाळतात. त्यामागचं माणूस-जनावराचं नातं समजलं नाही, तर गावात केलेली कुठलीही योजना टिकत नाही.

नकाशांचं थोडक्यात सांगतो. ताडोबातला तरुण वाघ स्वतःचं क्षेत्र शोधत शेतं, रस्ते, कालवे ओलांडत निघतो. त्याची वाट कुठून जाते आणि नवा रस्ता ती कुठे तोडेल, हे नकाशावर मांडूनच दाखवता येतं.

आता शाखेचं. पहिली पदवी प्राणिशास्त्राचीच हवी, अशी सक्ती या क्षेत्रात नाही. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथल्या एम.एस्सी. नावाजलेल्या आहेत. जागा मात्र मोजक्या असतात आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही, म्हणून जाहिरातींवर लक्ष ठेवा. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेतही या विषयाचं शिक्षण मिळतं. बारावीनंतर लगेच जंगलाशी संबंधित काही हवं असेल, तर दापोली आणि अकोला इथे वनशास्त्राची पदवी आहे. मुलीचं मन जखमी प्राण्यांवर उपचार करण्यात असेल, तर ती वाट पशुवैद्यकाची, तिचा प्रवेश ‘नीट’वर होतो. भारतीय वनसेवेचा विचार असेल, तर तिच्या पात्रतेच्या विषयांत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आहे, तसंच गणित आणि संख्याशास्त्रही आहे.

तेव्हा अकरावीचा अर्ज भरताना जीवशास्त्र घ्या म्हणजे झालं, असं समजून गणित सोडू नका. दोन्ही ठेवा. ओझं वाढेल खरं, पण नंतर कुठलीच वाट बंद होणार नाही. आणि दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिला एक वही द्या. घराजवळच्या एकाच झाडावर रोज सकाळी ठरावीक वेळी किती आणि कोणते पक्षी येतात, ते तिनं महिनाभर लिहावं. तिसऱ्या आठवड्यातही ती कंटाळली नाही, तर देहरादूनची जाहिरात शोधायला हरकत नाही.