आफ्रिकेतील ‘सातारा’ : एका अरण्यसहलीचे अंदाजपत्रक

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात ‘सातारा’ नावाचे एक मुक्कामाचे ठिकाण आहे. आपल्या साताऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. त्या भागातील शेतांची मोजणी होऊन त्यांना क्रमांक दिले जात असता, सतरा क्रमांकाच्या शेताला मोजणीदाराच्या भारतीय मदतनिसाने आपल्या भाषेतला ‘सतरा’ हा आकडाच नाव म्हणून दिला, असे सांगतात.

नाव ओळखीचे असले तरी तेथील रीत मात्र आपल्या ओळखीची नाही. दांडेलीच्या जंगलात आपण जीपमधून, वाटाड्याबरोबर, ठरलेल्या काही तासांसाठी जातो. क्रुगरमध्ये पर्यटक भाड्याची मोटार स्वतः चालवीत दिवसभर हिंडू शकतो. साहजिकच नियोजनाची सारी जबाबदारीही त्याच्यावरच येते. अशा सहलीचा विचार वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कसा करावा, हे येथे पाहावयाचे आहे.

दुर्मीळ साधन कोणते?

अर्थशास्त्र म्हणजे दुर्मीळ साधनांच्या वाटपाचा विचार, असे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. क्रुगरच्या सहलीत दुर्मीळ साधन पैसा असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आहे दिवसाचा उजेड.

या उद्यानाचे क्षेत्रफळ १९ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. आपला बेळगाव जिल्हा सुमारे १३,४०० चौरस किलोमीटरांचा. म्हणजे उद्यान त्याच्या जवळजवळ दीडपट. दक्षिणोत्तर लांबी सुमारे साडेतीनशे कि.मी., म्हणजे बेळगावहून पुण्याला जाण्याइतकी. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० कि.मी. व कच्च्या रस्त्यावर ४०. ठरवून दिलेल्या जागा सोडल्यास मोटारीतून उतरण्यास मनाई आहे. मुक्कामाची दारे ऐन हिवाळ्यात सकाळी ६ ला उघडतात व सायंकाळी साडेपाचला बंद होतात. तत्पूर्वी आत पोहोचणे सक्तीचे आहे.

लोअर साबी ते सातारा हे अंतर सुमारे ९० कि.मी. नकाशावर ते दोन तासांचे दिसते. परंतु प्राणी पाहत, थांबत जाणाऱ्याचा सरासरी वेग ताशी २५ कि.मी. धरला, तर चार तास सहज लागतात. म्हणून सबंध उद्यान ‘उरकण्याचा’ बेत करू नये. आठ रात्री असतील तर साबी नदीकाठच्या लोअर साबीला तीन, गवताळ प्रदेशातील व सिंहांसाठी प्रसिद्ध अशा साताऱ्याला तीन आणि नदीच्या वर उंच कड्यावर वसलेल्या ऑलिफंट्सला दोन, अशी वाटणी योग्य होईल.

जोहान्सबर्गहून दक्षिणेकडील दारे चारशे कि.मी. वा थोडी अधिक दूर आहेत. तेव्हा विमानातून उतरल्या दिवशीच उद्यानात शिरण्याची घाई करू नये.

ऋतू

विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतू उलटे असतात. मे ते सप्टेंबर हा तेथील कोरडा काळ. गवत खुरटते, झाडांची पाने गळतात आणि प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. त्यामुळे ते दिसण्याचा संभव वाढतो. पावसाळ्यात रान हिरवे होते, पक्षी पुष्कळ येतात. पण गवत वाढल्याने प्राणी दडतात व हिवतापाची भीतीही वाढते. तेथील शाळांच्या सुट्ट्यांत मुक्कामाच्या जागा लवकर भरतात, हेही ध्यानात ठेवावे.

खर्चाचे तीन प्रकार

विमानभाडे, व्हिसा व विमा हा माणशी स्थिर खर्च. प्रवेशशुल्क व जेवण हा माणशी रोजचा खर्च. मोटार, पेट्रोल व चौघांचे घर हा सामायिक रोजचा खर्च. हिशेब समजावा म्हणून काही आकडे मानू : स्थिर खर्च ८०,००० रुपये, माणशी रोजचा ४,००० आणि सामायिक रोजचा १६,०००.

चौघे चार दिवस राहिले तर माणशी १,१२,००० रुपये, म्हणजे दिवसाला २८,००० पडतात. तेच चौघे आठ दिवस राहिले तर माणशी १,४४,०००, म्हणजे दिवसाला १८,०००. दिवस दुप्पट झाले. खर्च मात्र सव्वापटीहून थोडाच वाढला. दोघेच गेले तर आठ दिवसांना माणशी १,७६,००० रुपये लागतील. तात्पर्य, चौघांनी एकदाच व अधिक दिवसांसाठी जाणे हे घाईच्या सहलीपेक्षा किफायतशीर.

चौपट शुल्क कशासाठी?

परदेशी पाहुण्याला येथे स्थानिकाच्या सुमारे चौपट दैनिक शुल्क द्यावे लागते. प्रथमदर्शनी हा अन्याय वाटेल. पण हंपीला परदेशी प्रवाशाकडून आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे घेतले जातात, तेव्हा आपण तक्रार करीत नाही.

शिवाय हा पैसा कोठे जातो, हे पाहिले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील राष्ट्रीय उद्याने चालविणाऱ्या संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग पर्यटनातून येतो. २०२० साली करोनाच्या साथीत उद्याने बंद राहिली, तेव्हा ही आवक थांबली. राखणदारीचा खर्च मात्र थांबविता येत नव्हता. २०१० च्या सुमारास क्रुगरमध्ये पांढरे गेंडे दहा हजारांच्या आसपास होते; शिंगांसाठी होणारी चोरटी शिकार व दुष्काळ यांमुळे २०२० पर्यंत ते तीन हजारांच्या आत आले.

दुसरी किंमत माणसांनी मोजली आहे. उद्यानाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या मकुलेके लोकांना १९६९ मध्ये तेथून हलविण्यात आले. १९९८ मध्ये त्यांना जमिनीची मालकी परत मिळाली. त्यांनी ती नांगराखाली न आणता उद्यानाशी करार करून वन्यप्राण्यांसाठीच राखली, व पर्यटनातून उत्पन्नाचा मार्ग काढला. ज्यांनी घरे गमावली त्यांच्या देशबांधवांना शुल्कात सवलत असावी, यात गैर काय?

निघण्यापूर्वी

व्हिसा व मुक्कामाचे आरक्षण बरेच महिने आधी करावे. हिवतापाच्या औषधाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जावयाचे असल्यास पीतज्वराच्या लसीचे नियम तपासावेत. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते.

एवढे करूनही बिबट्या दिसेलच, अशी हमी कोणी देणार नाही. आपण तिकिटाने विकत घेतो ते फक्त तास. ते कोठे, कोणत्या ऋतूत आणि किती सावकाश घालवावयाचे, हे ठरविणे आपल्या हाती असते. अंदाजपत्रकात या तासांसाठी एक वेगळा रकाना ठेवावा, आणि शक्य तर तोच आधी भरावा.