कापडी पिशवी, पण कोणती?

प्रश्न : दर खेपेस बाजारातून नवी कापडी पिशवी विकत घेतल्याने पर्यावरणाचे रक्षण होते काय?

उत्तर : आपला हेतू स्तुत्य आहे, परंतु कापसाच्या लागवडीस, रंगाईस व विणाईस जे पाणी आणि जी ऊर्जा खर्ची पडते ती ध्यानी घेता, तीच पिशवी शंभराहून अधिक वेळा वापरली गेली, तरच हा खर्च सार्थकी लागतो. प्लास्टिकचा दोष निराळा. ते कुजत नाही, त्याचे केवळ सूक्ष्म कण होत जातात, आणि तोवर ते उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या कोठ्यात गोळा होते वा गटारे तुंबवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईच्या नाल्यांत साचलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी पाण्याचा निचरा अधिकच रोखला. पुढे २०१८ साली राज्यात या पिशव्यांना सरसकट मनाई झाली, आणि ती मला सर्वथा योग्य वाटते. मात्र नवी कापडी पिशवी विकत घेण्याऐवजी आपण घरातील जुन्या लुगड्याच्या वा चादरीच्या पिशव्या शिवून घ्याव्यात, कारण त्या कापडाचा भार निसर्गाने पूर्वीच सोसलेला असतो. ओल्या मासळीसाठी कापडी पिशवीऐवजी झाकणाचा डबा न्यावा.