अनामत, शेड आणि शुद्धिपत्रक

चि. मुक्ता,


सरकारी खरेदी शाखेत रुजू झालेल्या माणसाला नियमांची पुस्तकं पहिल्याच दिवशी मिळतात. सद्भावाने वागा, असं सांगणारं स्वतंत्र कलम मात्र भारतीय करार कायद्यात नाही. सद्भाव तिथे इतर कलमांतून वाट काढतो. कसा, ते निकालांतच वाचायला हवं.

१९४७ साली मौला बक्ष यांनी लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचे दोन करार केले. अनामत मिळून १८,५०० रुपये. पुरवठा नियमित झाला नाही, करार रद्द झाले, अनामत जप्त झाली. करारात तशी अटच होती. तरीही १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम परत द्यायला लावली. ठरलेला माल आला नाही तेव्हा बटाटे, अंडी कोणत्या भावाने घ्यावी लागली, हे सरकारला सहज दाखवता आलं असतं; त्याने काहीच दाखवलं नाही. कलम ७४ वाजवी भरपाई देतं, दंड वसूल करू देत नाही. तेव्हा जप्तीच्या टिपणीवर सही करण्याआधी नस्तीत पर्यायी खरेदीची बिलं आहेत का, ते बघ.

दुसरं प्रकरण वाचून राग यावा असंच आहे. बंगालमध्ये आरामबागला नागरी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बी. के. मंडल अँड सन्स या ठेकेदारांनी शेड, कार्यालय, कच्चा रस्ता बांधून दिला. खात्याने सगळं वापरलं आणि पैसे देताना म्हटलं, रीतसर करारच झालेला नाही! साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने कलम ७० लावलं: काम नाकारायची मोकळीक होती, ते स्वीकारलं, तर मोबदला द्यावा लागेल. म्हणून लेखी आदेश नसताना ‘काम सुरू करा, कागद नंतर बघू’ असं फोनवर कुणालाही सांगू नकोस. गरीब ठेकेदार त्या शब्दावर कर्ज काढतो.

आणि मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाची निविदा. अट होती किमान पाच वर्षं अनुभवी, नोंदणीकृत हॉटेलचालकाची. काम मिळालं त्या अटीत न बसणाऱ्याला. १९७९ च्या रमण शेट्टी निकालात न्यायमूर्ती भगवतींनी ठरवलं की, स्वतः घातलेली अट विमानतळ प्राधिकरणालाही बांधते. अर्जदाराने न्यायालयात यायला उशीर केल्यामुळे आणि इतर कारणांनी तो करार मात्र मोडला नाही. अट वाचून ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांचा विचार अशा वेळी कोण करतं? अट सैल करायचीच असेल, तर निविदा उघडण्याआधी शुद्धिपत्रक काढ, मुदत वाढव.

तुझा,
मामा